कुंडावर कोण आलं नाही?

४ नोव्हेंबर, सोमवार
परत! आमच्या वर्गशिक्षिकेने, हाल्बेराने, प्रकल्पाचा माझा प्रश्न पुन्हा परत केला. ‘आइसलंडमधली माणसं सुखी का आहेत?’ — चांगला भारदस्त होता की! तर वर्गात सगळ्यांदेखत म्हणते, “सुखी आहेत हे तुला कुणी सांगितलं? आणि सगळ्या देशाला कधी भेटणार आहेस?” पंधरा तारखेपर्यंत धड प्रश्न नाही दिला, तर तिने ठरवलेला विषय गळ्यात. कॉड माशाची निर्यात! त्यापेक्षा मीच जाळ्यात उडी घेते.

५ नोव्हेंबर
आईला दवाखान्यात नोकरी लागली म्हणून उन्हाळ्यात या गावात आलो. वर्गातली पोरं पाळण्यापासून एकमेकांना ओळखतात. चांगली आहेत, हसतात, आणि आपापल्या घोळक्यात जातात. एकटं वाटतं. खूप. आई म्हणते, “घरात कुढत बसू नकोस, पोहायला जा.”

६ नोव्हेंबर
गेले! शाळेआधी. आंघोळ करून बर्फातून अनवाणी पळत पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात. आत पाच-सहा म्हातारी मंडळी, पाण्यावर नुसती डोकी — आणि तोंडांचा पट्टा चालू! रस्त्यातले खड्डे, कुणाचा गुडघा, कुणाची सून. सुचलंच! ‘गरम कुंडात माणसं एवढं का बोलतात?’
हाल्बेरा म्हणाली, “जवळ आलीस. पण ‘का’ लगेच नको. आधी नुसती बस आणि बघ. विचारू नकोस कुणाला काही.”

७ नोव्हेंबर
विचारलं! प्लॅस्टिकच्या पिशवीत वही घालून कुंडात उतरले आणि म्हटलं, “तुम्ही इथे का येता?” सगळी डोकी माझ्याकडे वळली. मग ओड्गेइर — पूर्वी बोटीवर कप्तान होता — म्हणाला, “पाणी गरम असतं म्हणून.” फ्योला म्हातारी म्हणाली, “पोरी, तू सरकारी माणूस आहेस काय गं?” हशा! मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं, तोंड आधीच उकडून लाल होतं.

८ नोव्हेंबर
नुसती बसले. ओड्गेइरच्या गुडघ्याची सगळी माहिती झाली. प्रश्न शून्य.

११ नोव्हेंबर, सोमवार
सापडला!! शनिवार-रविवारीही गेले होते, रोज त्याच कोपऱ्यात इंगिमार म्हातारा बसलेला असायचा. आज कोपरा रिकामा. गर्दी होती, तरी तिथे कुणी बसेना. फ्योलाने घड्याळाकडे पाहिलं, ओड्गेइरकडे पाहिलं. तो बोलता बोलता अर्ध्यावर उठला आणि निघाला.
“कुठे चाललास?” मी विचारलं.
“इंगिमारकडे. आला नाही आज.”
इंगिमार चक्क घोरत पडला होता म्हणे. उठवलं म्हणून उलट ओड्गेइरलाच शिव्या घातल्या!
मी ओल्या केसांनी थेट हाल्बेराकडे. ‘नेहमीचं माणूस कुंडावर आलं नाही, तर बाकीचे काय करतात?’ तिने दोनदा वाचलं. “हे बघता येईल. आणि याचं उत्तर मलाही माहीत नाही. मंजूर!” मी उडीच मारली. मग म्हणते कशी, “पण नेहमीचं माणूस म्हणजे कोण? किती दिवस आलं की नेहमीचं होतं?”
आली का पंचाईत!

१२ नोव्हेंबर
फ्योलाला विचारलं. “हे काय कुणी ठरवतं होय? कळतं ते.” कप्पाळ! असं प्रकल्पात लिहू?

१८ नोव्हेंबर
गेला आठवडाभर रोज गेले. सगळे रोज हजर! कुणी दांडी मारेल तर शपथ. प्रकल्प बुडवणार ही माणसं.

१९ नोव्हेंबर
ताप. आई कामावर. कुंडावर गेले नाही, पडून होते. दारावरची घंटा वाजली. ओड्गेइर आणि फ्योला! केस ओले, टोकाला बर्फ धरलेला.
“आली नाहीस आज,” ओड्गेइर म्हणाला.
मला रडूच फुटलं. दोघं बिचारी घाबरली, ताप फार आहे वाटून.