गोवालचं नाव

शहादा,
११ जानेवारी २०२५

लोटनआप्पांना रनाळ्याच्या नवनीतचा नमस्कार.

कळसाडीत सगळे बरे असतील. ऊस तोडणीला आला असेल. इकडे ठीक. फोनवर आवाज ओळखाल नि ठेवाल, म्हणून लिहितोय.

मागच्या सोमवारी ठिबकच्या दुकानातून तुम्हाला फोन आला. पोरगा वाट्टेल ते बोलला. तुम्ही आमच्या खेमराजशेटना सांगितलंत आणि शेटनी गोवालला त्याच दिवशी कामावरून काढलं.

आप्पा, तो गोवाल नव्हता. मी होतो.

शेट आम्हाला शिकवतात, पहिल्या फोनला नळी विकू नका. नाव सांगा, गाव सांगा, पिकाचं विचारा, मग गप बसून ऐका. तुम्ही विचारलंत, "कोना पोऱ्या शे रे तू?" गिऱ्हाइकानं हे विचारलं की अर्धं काम झालं म्हणतात. मला तिथंच नाव सांगता येईना. तोंडात गोवालचं आलं. तो पाड्यावरचा, त्याचा बाप कोण हे तुम्ही पुढे विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं.

चार फोन केले. तिसऱ्यांदा तर "चिवट शे रे तू" म्हणून हसलात. नळीसाठी नव्हते ते. एखाद्या वेळी तुमची स्वप्नाली उचलेल, म्हणून. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो. मी सरांच्या अंगावर गेलो नि दुसऱ्या वर्षाला सोडलं. तिला यातलं काहीच माहीत नाही. कधी धड बोललीही नाही माझ्याशी. तिला रागावू नका.

चौथ्यांदा तुम्ही म्हणालात, "आते पोरगीना साखरपुडा शे भाऊ, मंग देखसूत." माझं डोकंच फिरलं. "घ्यायचं नाही तर झुलवतो कशाला, म्हाताऱ्या!" पुढचं लिहवत नाही.

गोवाल त्या दिवशी म्हसावदला गेला होता. संध्याकाळी परत आला, तर शेटनी विचारलंसुद्धा नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि मी नळीचं भेंडोळं गुंडाळत होतो. पाटलाच्या पोराचं नाव निघालं असतं, तर आधी विचारलं असतं.

आज सकाळी शेटना खरं सांगितलं. ते म्हणाले, "दोस्ती निभावी ऱ्हायना का? आप्पासनी सोता नाव सांगं." गोवालचं नाव तुम्ही स्वतः सांगितलेलं, म्हणून त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, तुमच्यावर आहे. एक फोन करा. माझं काय करायचं ते करा, पण त्याला परत बोलवायला सांगा.

साखरपुड्याच्या शुभेच्छा तीनदा लिहिल्या, तीनदा खोडल्या. तुमच्याशी आणखी एक खोटं नको.

दुसऱ्याच्या नावाआड लपलेला,
नवनीत हेमकांत पाटील, रनाळे