सगळ्या रेघा सरळ

प्रिय ताई,

पत्र बघून धसका घेऊ नकोस. घ्यायचाच असेल तर सगळं वाचून मग घे. तिकडे कोणी आधीच येऊन माझ्याबद्दल काही बोललं असेल, तर तेही खोटं मानू नकोस.

माझी शाळा चौथीत सुटली. जे काही इंग्रजी आलं ते पान्याबरोबर हाताला चिकटलं, आणि त्यात सगळ्यात जास्त वापरला तो शब्द 'लूज'. तुझी आई त्यावरून किती हसायची, आठवतं? सदरा लूज, बिजागरी लूज, पोट बिघडलं तरी लूज, दुकानात सुटा चहा मागायचा तरी लूज, आणि शेजारीण बडबडी म्हणून तिचं तोंडही लूज. अहो, तुमच्या जगात घट्ट काही आहे का, असं ती विचारायची. तुझी मूठ, असं मी म्हणायचो. मग संध्याकाळपर्यंत अबोला. पण आमच्या कामावर, आकाशपाळण्यावर, त्या शब्दाचा अर्थ एकच, नट ढिला झालाय, आणि तो मोठ्याने उच्चारायचा नाही. रांगेतली माणसं पळतील.

तू लहानपणी विचारायचीस, नटांवर रंग कशाला? नट आवळला की त्याच्यावरून खालच्या पट्टीवर एक सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, नुसतं बघून कळतं. आवळणारा एक, रेघ ओढणारा दुसरा. आपल्याच कामावर आपणच डोळा ठेवला तर डोळा लाड करतो.

गुडघे गेल्यापासून मी तिकिटांच्या खिडकीत बसतो आणि वर जावईबापू चढतात. माणूस गुणी आहे, कामाला वाघ आहे. माझं पांघरूणसुद्धा तेच झटकतात. सुट्ट्या लागणार म्हणून मालक म्हणाले, पाळणा नवा दिसू दे. तर यांनी जुन्या रेघा खरवडून काढल्या आणि सगळ्या नटांवर पिवळ्याधमक नव्या ओढल्या. जेवताना मला कौतुकाने सांगितलं, बाबा, आता एक रेघ तुटकी दाखवा. आधी पाना लावून नट आवळून बघितले होते का, असं भीतभीतच विचारलं. ते हसले. म्हणाले, नट लूज असता तर पाळणा कालपर्यंत फिरला असता का? मी पाणी प्यायलो आणि ताट उचललं. जावयाला शिकवायचं कुणी?

तेव्हापासून मला पाळण्यातून आवाज येतो. माणसं बसतात त्यातली एक पेटी वरून खाली यायला लागली की बारीक टक्. दुसऱ्या कुणाला येत नाही. कान माझे म्हातारे, तेही मला फसवत असतील. पण आता डोळ्यांनीही खात्री करता येत नाही गं, सगळ्या रेघा सरळ आहेत. त्यात रविवारी तू ठमीला घेऊन येणार, आणि पहिली फेरी माझ्या लेकीची, असं जावईबापूंनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

म्हणून आज सकाळी मी मालकांकडे गेलो. जावईबापूंना न विचारता. पाळणा थांबलाय, आता एकेक नट पुन्हा आवळून बघणार आहेत. चार माणसांत जावईबापूंची मान खाली गेली. त्यांनी पिशवी भरली आणि तुझ्याकडे यायला निघाले. कदाचित एकही नट लूज निघणार नाही. मग म्हाताऱ्याने भीतीपायी जावयाची भाकरी घालवली असं होईल, आणि ते खरंच असेल. तू त्यांचीच बाजू घे. माझ्यावर राग धर, त्यांनी धरावा, ठमीलाही धरायला सांग. राग धरायला तुम्ही तिघंही असलात म्हणजे झालं, ताई. मला दुसरं काही नको.

तुझाच,
भित्रा बाबा