बिनमिठाचं खाद्य

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींचा शोधनिबंध छापून आला. माझ्या अभिनंदनाची वाट बघत असशील, तर बघत बस! काम सगळं माझं, आणि माझं नाव आभारातसुद्धा नाही.

निबंध ज्या जंतूवर आहे, त्याच्या आतल्या पातळ आवरणात एक प्रथिन असतं. एकाचे दोन होताना बाहेरची भिंत मधोमध कापावी लागते. कात्री कधी चालवायची ते हे प्रथिन ठरवतं. ते काढून टाकलेला जंतू मी बनवला. तो धड तुटत नाही, नुसता लांबत जातो. त्याच्यापायी चार वर्षं डोळे फोडले मी. भाऊजी प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणून सगळं त्यांचं? राजीनामा तोंडावर फेकून आलेय. आता माझ्याशिवाय ते जंतू जगवून दाखवले, तर नाव बदलून ठेवीन.

तुझ्यावर राग नाही. मुलांना पापा. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

१९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काय करून ठेवलंस गं बाई? तुझे जंतू पटापट मरताहेत. अशक्त झालेत म्हणून हे आणखी पौष्टिक खाद्य घालतात, तर ते आणखीच मरतात. ज्या ज्या प्रयोगशाळांना पाठवले, त्यांच्याकडेही मेले. सोमवारी चौकशी समिती येतेय. हे घरात सगळ्यांवर खेकसतात. तुझ्याकडून गोडीगुलाबीने काढून घे, असं मला बजावलंय, म्हणून लिहितेय. मला रडू येतं गं. सांगून टाक ना.

माया ठेव.

तुझी ताई

२२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला भीक मागायला लावली? अंगाची लाही लाही झाली वाचून.

मीठ, ताई! साधं मीठ. खाद्यात ते असलं तर हा जंतू कसाबसा तुटून वाढतो; नसलं तर नुसता लांबून मरतो, पौष्टिक खाद्यात तर आणखी लवकर. भाऊजींच्या गुरूंनी ठरवून दिलेलं खाद्य बिनमिठाचं, म्हणून तिथे मीठ वर्ज्य. मी सुचवलं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, स्वयंपाकघर घरी ठेवून येत जा. मग मी गुपचूप घालत राहिले. निबंधात त्यांनी आपलं बिनमिठाचंच छापलंय!

त्यांची फजिती मला डोळे भरून बघायचीय. पण तू रडलीस की माझं काही चालत नाही. त्यांना सांगायचं की नाही, तूच ठरव.

तुझीच,
धाकटी

३० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

धाकटीचं उत्तरच आलं नाही, असं मी ह्यांना सांगितलं. समितीसमोर एकही जंतू वाढेना. ह्यांची बोबडी वळली. नंतर मंडळी घरी चहाला आली. कप हातात देता देता मी अध्यक्षबाईंना म्हटलं, मीठ घालून बघा, आणि का ते माझ्या बहिणीला विचारा, जंतू तिने बनवलेत. ह्यांचा चेहरा बघायला तू हवी होतीस! काल त्यांनी मीठ घातलं. जंतू छान वाढले.

नवऱ्याचा तमाशा करून काय मिळालं, असं हे विचारतात. ह्यांच्यापायी माझं शिक्षण सुटलं, तेव्हा मी गिळलं होतं. ह्यावेळी नाही गिळलं, आणि फार फार बरं वाटलं.

तुला समितीचं बोलावणं येईल. माझ्या संसाराच्या काळजीने पाय मागे घेतलास, तर गाठ माझ्याशी आहे.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी ताई