नववं प्रकरण

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नव्या इस्पितळात रुजू होऊन तुला महिना झाला आणि तुझं एकच पत्र आलं, तेही निम्मं उशीबद्दल. उशी कडक आहे हे समजलं. आता माणसं कशी आहेत तेही कळव.

माझं विचारशील तर गाडं अडलंय. बेचाळीस प्रेमकथा लिहून झाल्या, पण ही त्रेचाळिसावी काही केल्या हलत नाही. नेम मोडलेला नाही हं. सकाळी नऊला रिसीव्हर काढून बाजूला ठेवते, आतून कडी लावते, आणि एक वाजेपर्यंत दहा पानं झालीच पाहिजेत. संवाद आधी भांडी घासताना मोठ्याने म्हणून बघते. परवा शेजारीण विचारत होती, घरी कोण पाहुणे आलेत, फार भांडतात. भिंतीवर तोच जुना तक्ता आहे: तिसऱ्या प्रकरणात गैरसमज, नवव्यात नायकाचा राग, बाराव्यात ताप, सोळाव्यात पश्चात्ताप. गेल्या खेपेला नायक जरा मवाळ केला तर प्रकाशकांनी नाक मुरडलं. त्यांचं म्हणणं, की तुमचा माणूस रागीटच शोभतो, त्याशिवाय शेवटी विरघळणार काय?

आता खरं काम. भिंगरीच्या लग्नाला दीड वर्ष झालं. पूर्वी आठ आठ पानं लिहायची, समासातसुद्धा जागा सोडायची नाही. आता चार ओळी येतात: मी मजेत, हे मजेत, तू जप. फोन करावा तर जावईच उचलतात आणि ती आंघोळीला गेलीय म्हणून गोड आवाजात सांगतात. इतकी आंघोळ करणारी मुलगी माझी नव्हती. दातांचा दवाखाना सांभाळणारा माणूस, त्यांना सारखं छळवत नाही. तू आता तिच्याच गावात आहेस, तर एकदा डोकावून ये.

माया आहेच. तिला पत्रांचं खतपाणी घालत जा.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशी बदलून मिळाली. माणसं बरी आहेत. ड्रेसिंगच्या खोलीत मला खिडकीजवळचं टेबल दिलंय.

भिंगरीकडे दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा जावयांनीच दार उघडलं. अगदी अगत्याने बसवलं, स्वतः चहा केला, तुझी चौकशी केली. घर आरशासारखं लख्ख. पण तासाभरात ते एकदाही खोलीबाहेर गेले नाहीत. आणि ताई, आपली भिंगरी, जिला गप्प बसवायला भाऊजी तिच्या हातात कोडी द्यायचे, ती मी काहीही विचारलं की आधी त्यांच्याकडे बघायची आणि मग उत्तर द्यायची. चहात साखर हवी का, एवढं मी विचारलं, तरीसुद्धा.

म्हणून दुसऱ्यांदा ते दवाखान्यात असताना गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. परत फिरणार तोच खिडकीत ती दिसली. म्हणाली, मावशी, किल्ली ते चुकून घेऊन गेले. गजातून हात बाहेर काढून तिने माझा हात धरला, तेव्हा बाही वर सरकली. मी बावीस वर्षं पट्ट्या बांधतेय. पडल्याचा वळ कसा असतो आणि बोटांचा कसा, हे मला कुणी शिकवायला नको. चार बोटं एका बाजूला होती, अंगठा दुसऱ्या बाजूला.

तू ये. पुस्तक राहू दे.

रागावलीस तरी धाकटीवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी
धाकटी


२३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी तुझा राग आला. बावीस वर्षं जखमा बघून तुला सगळीकडे जखमाच दिसायला लागल्यात. नवराबायकोत हाताला धरून ओढणं होतंच. तू संसार केला नाहीस, तुला ते कसं कळणार? जावई तापट आहेत हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तापट माणसं जीवही तेवढाच लावतात. लग्नात ते तिच्याकडे कसे बघत होते, ते मी विसरलेले नाही. असं बघणारा माणूस उगाच मिळत नाही.

मी भिंगरीला पत्र टाकलंय. ती स्वतः सांगेल तेव्हा बघू.

लिखाण सुटलं एकदाचं. काल बारा पानं झाली.

जपून राहा, आणि माझं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस.

ताई


१ मार्च

ताई,

मायना लिहायला वेळ नाही.

आज सकाळी भिंगरी इस्पितळात आली होती. दोन बरगड्यांना चीर गेलीय. जिन्यावरून पडले म्हणाली. त्यांच्या घराला जिना नाही. जावई बाहेर बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते, मधूनमधून दार ढकलून झालं का म्हणून विचारत होते. पट्टा बांधताना मी तिच्या कानाशी विचारलं, माझ्याकडे येतेस का? तिने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, आईला कळवू नकोस, तिचं पुस्तक मध्यावर आहे, लय मोडेल.

तुझी लय मोडायलाच हे पत्र लिहिते आहे.

धाकटी


११ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद द्यायचं तोंड उरलेलं नाही, तरी देते.

घरी पोचले. स्टेशनवर तुझ्याशी नुसतं तिकिटाचं आणि डब्याचं बोलले. समोरासमोर जमलं नसतं. आता कागदावर सांगते.

चार दिवस त्या घरात राहिले, त्यात भिंगरी मला एकटी मिळाली ती वीस मिनिटं. जावयांना एका रोग्यासाठी तातडीने जावं लागलं. मला आत ठेवून कुलूप लावायची त्यांना लाज वाटली असावी. मी तिला म्हटलं, चप्पल घाल, आत्ताच्या आत्ता निघू. ती भाजी चिरत होती, तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि कपाटातून माझी एकोणिसावी कादंबरी आणली. शोधावं लागलं नाही, पान आपोआप उघडलं. तुला आठवतं ना, बारा वर्षांची असल्यापासून माझी प्रुफं तीच वाचून दाखवायची. मी चुका दुरुस्त करायचे आणि ती समोर बसून एकेक वाक्य म्हणायची. मला म्हणाली, आई, हाही नवव्या प्रकरणात तिला फरफटत नेतो, खोलीत कोंडतो. ती टिकून राहते. मग सोळाव्यात तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो. मी अजून नवव्यात आहे, आई. घाई करू नकोस.

ती चेष्टा करत नव्हती गं. मला समजावत होती. आजारी माणसाला समजावतात तशी.

मी म्हटलं, ते खोटं आहे, मी ते माझ्या टेबलापाशी बसून बनवलंय. ती हसली. म्हणाली, तू आई आहेस म्हणून असं म्हणतेस. तेवढ्यात दाराचा आवाज झाला आणि ती पुन्हा भाजी चिरायला लागली.

तुला न सांगता मी पोलीस ठाण्यातही जाऊन आले. तिथल्या अंमलदाराने सांगितलं, की मुलगी सज्ञान आहे, तिने स्वतः येऊन लिहून द्यायला हवं. मग नाव वाचून त्याचा चेहरा खुलला. त्याची बायको माझं प्रत्येक पुस्तक वाचते म्हणे. पुढचं कधी येणार, असं विचारून त्याने एका कागदावर माझी सही मागितली. आणि मी सही दिली, धाकटे. हात आपोआप पुढे झाला.

आज नऊला टेबलापाशी बसले. एक वाजता उठले. कागद कोरा होता. आता काय करायचं ते तूच सांग. मला काही कळेनासं झालंय.

तुझ्याशिवाय मला कुणी नाही, एवढं ध्यानात ठेव.

ताई


१४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मावशी तुला पट्टा बदलताना देईल. वाचून तिच्याकडेच परत दे, घरी नेऊ नकोस.

याचा कच्चा खर्डा केलेला नाही. जमेल तसं लिहिते.

मांडीवर डोकं ठेवून रडणारा आणि मग कायमचा बदललेला माणूस मी आयुष्यात एकही पाहिलेला नाही. ऐकलेलाही नाही. पुस्तक सोळा प्रकरणांत संपवायचं असतं म्हणून तो सोळाव्यात बदलतो. वीस प्रकरणं मागितली असती तर त्याने तिला आणखी चार प्रकरणं छळलं असतं.

मला माहीत असलेला पुरुष एकच, तुझे बाबा. त्यांना राग आला की ते नकाशे काढायच्या पेन्सिलींना टोक काढत बसायचे. टोकं काढून झाली की राग संपलेला असायचा. अठ्ठावीस वर्षांत मी कधी त्यांचा चेहरा बघून मग बोलले नाही. तोंडाला येईल ते बोलत आले. ते सुख आहे, हे मला ते असताना कळलं नाही. बेचाळीस पुस्तकांत त्यांच्यासारखा माणूस मी एकदाही घातला नाही. वाचणाऱ्याला कंटाळा येईल, असं वाटायचं. खरं सांगू, कधीकधी मलाही वाटायचं, की यांनी एकदा तरी आदळआपट करावी. मूर्ख होते मी. आणि तो मूर्खपणा तुझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला.

तू नवव्या प्रकरणात नाहीस, बाळा. तू एका घरात आहेस आणि त्या घराला बाहेरून कुलूप असतं. मावशीची खोली इस्पितळाच्या मागे आहे, दुसरा मजला, निळं दार. माझ्याकडे यायला नको असेल तर नको येऊस. पण तिथे जा.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते तू ठरव.

आई


२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं. भिंगरी माझ्या खोलीत आहे. या क्षणी झोपलीय.

आता क्रमाने सांगते. तुझं पत्र तिने पंधरवड्यापूर्वी माझ्या टेबलापाशी उभ्याने वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, आईला प्रत्येक गोष्टीचा शेवट स्वतः लिहायचा असतो. आणि गेली. पुढच्या पट्ट्याला आलीच नाही. दोनदा त्यांच्या गल्लीतून फिरून आले, खिडकीचे पडदे ओढलेले होते. तुला काय लिहावं ते समजेना, म्हणून लिहिलं नाही.

परवा मंगळवारी साडेअकराला आली. घरातल्या सपाता पायात, हातात काही नाही, डाव्या हाताची करंगळी वाकडी झालेली. बाकावर बसून तिने रांगेचा नंबर घेतला. माझं लक्ष गेलं तेव्हा तिच्यापुढे अजून सहा माणसं होती.

काय झालं ते तिने बोट बांधताना सांगितलं. सकाळी तो खरंच रडला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून, पुन्हा असं करणार नाही म्हणून, अर्धा तास. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती आणि तिला वाटलं, झालं, संपलं एकदाचं. मग तो उठला, तोंड धुतलं आणि दवाखान्याचा शर्ट मागितला. शर्टाला इस्त्री नव्हती. इस्त्री कधी करणार, तो तर तिच्या मांडीवर होता. त्याने बोट धरलं आणि उलटं वाकवलं. रागाने नाही ताई, शांतपणे, दात काढतो तसं, असं ती म्हणाली. मग घाईत निघाला आणि कुलूप लावायला विसरला.

दुपारी तो इथे आला. आमची मेट्रन दारात उभी राहिली आणि दोन कक्षसेवक तिच्यामागे. बराच वेळ गोड बोलत होता, मग ओरडला. त्या ओरडण्याला आता वीस साक्षीदार आहेत. काल भिंगरीने पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःच्या हाताने सगळं लिहून दिलं, अकरा पानं. मी फक्त शेजारी बसले होते.

आता जड जाईल ते लिहिते. तू इतक्यात येऊ नकोस. तुझं नाव निघालं की ती भिंतीकडे तोंड करते. तू पत्रात खरं लिहिलंस, हे तिला कळतंय, पण तिचं म्हणणं, की खरं माहीत होतं तर आईने बारा वर्षं माझ्याकडून काय वाचून घेतलं?

तू खचू नकोस. मी इथे आहे आणि दार पक्कं आहे.

धाकटी


९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझे उपकार मानले तर तू चिडशील, म्हणून मानत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा बॅग भरून तयार होती. रिकामी केली.

प्रकाशकांकडे गेले होते. त्रेचाळिसावी होणार नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, थकलात, महिनाभर विश्रांती घ्या. एकोणिसावी पुन्हा छापू नका म्हटलं, तर हसले. नवी आवृत्ती बांधणीला गेलीसुद्धा. ते पुस्तक आता माझं ऐकत नाही.

निघताना तिथल्या कारकुनाने एक खोकं हातात दिलं. वाचकांची पत्रं. इतकी वर्षं तोच माझ्या वतीने छापील आभाराचं कार्ड पाठवायचा, मी एकही उघडून पाहिलं नव्हतं. चार दिवस तीच वाचतेय. बहुतेक साधी आहेत, कुणाला नायिकेचं नाव आवडलं, कुणाला शेवट. पण सतरा बायकांनी जवळपास एकच गोष्ट लिहिलीय, की आमचे हेही तुमच्या नायकासारखेच आहेत, म्हणून मी धीर धरून आहे, तुमच्या पुस्तकाचा फार आधार वाटतो. एकीचं पत्र नऊ वर्षांपूर्वीचं आहे.

आता रोज सकाळी त्यांना उत्तरं लिहिते. भिंगरीला लिहिलं तेच, पण प्रत्येकीला वेगळं. कार्डावर नाही, आणि नवऱ्याच्या हाती पडलं तर संशय येऊ नये म्हणून पाकिटावर शिवणकामाच्या वर्गाची चौकशी असं काहीतरी लिहिते. आजवर अकरा पाठवली.

उरलेल्या सहाजणींनी पत्ता दिलेला नाही. पाकिटं उलटीपालटी करून पाहिली, टपालाचा शिक्का भिंगाखाली धरला, काही लागत नाही. त्यांची पत्रं टेबलावर समोर ठेवलीत.

भिंगरीला यातलं काही सांगू नकोस. तिने आपणहून विचारलं तर सांग, नाही विचारलं तर राहू दे. मला फक्त एवढंच कळवत जा, ती जेवते का, आणि तिचं बोट सरळ होतंय का.

तुम्हा दोघींवर जीव आहे. तो तिथवर पोचतोय का, ते मात्र मला इथून दिसत नाही.

ताई