दोन झडपांचा कोड

म्हसळा,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय रुचिता वहिनी,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस, म्हणून हा कागद. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच एवढं हाताने लिहितेय. अक्षराला हसू नकोस. किंवा हस, मला बरंच वाटेल.

तब्येत कशी आहे? रक्त पातळ ठेवायची गोळी वेळेवर घेतेस ना? महिन्याची रक्ततपासणी तिकडे माहेरी, तळा गावातच होते, की माणगाव गाठावं लागतं? पालेभाजी एकदम ताटभर खाऊ नकोस, रोज सारखीच थोडी खा. झाली बघ माझी शिकवणी सुरू. मी शुक्रवारी रात्री घरी आले. भातकापणी आटपली, झोडणी चालू आहे. म्हशीला पारडी झाली. दादा सध्या दुसऱ्याची गाडी चालवतो, तुला कळलंच असेल.

मी हॉस्पिटलात नेमकं काय करते हे आईला अजून उमगलेलं नाही. ती गावभर सांगते, 'आमची पणू डागदरांचे कागद लिवते.' तसं ते खोटंही नाही. पेशंटची फाइल वाचायची, त्याच्या आजाराला आणि ऑपरेशनला ठरलेले कोड लावायचे, मग बिल विमा कंपनीकडे जातं. कंपनीला पेशंट दिसत नाही, कोड दिसतो.

फेब्रुवारीत आमच्याच हॉस्पिटलात, माझ्याच ओळखीने, तुझ्या हृदयाच्या दोन झडपा बदलल्या. तुझी फाइल बिलिंगच्या लोकांनी केली, असं मी आजवर घरी सांगत आले. वहिनी, ती मी केली. नात्यातली फाइल दुसऱ्याकडे सोपवायची असा आमच्याकडे नियम आहे. पण तुझ्या आधारवर अजून माहेरचं आडनाव, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मला मोठेपणा मिरवायचा होता. आपल्या माणसाचं काम आपण चटकन उरकू, असं वाटलं.

डॉक्टरांनी लिहिलं होतं की दोन्ही झडपा निकामी आहेत आणि कारण काढलेल्या झडपांचा रिपोर्ट आल्यावर कळेल. आमच्या पुस्तकाप्रमाणे दोन झडपा खराब असल्या आणि कारण दिलेलं नसलं, तर सांधेतापाचा कोड लागतो. सांधेताप म्हणजे लहानपणी सांधे सुजून ताप येतो आणि पुढे तो झडपांना धरतो. मी रिपोर्टसाठी थांबायला हवं होतं, नाहीतर डॉक्टरांना एक ओळ लिहून विचारायला हवं होतं. दादा खाली कँटीनजवळ उभा, दर दहा मिनिटांनी फोन, 'झालं का गं?' मी कोड लावला आणि मोकळी झाले.

पुढचं तू भोगलंसच. कंपनीने कळवलं, आजार लहानपणापासूनचा आहे, पॉलिसी घेताना लपवला, एक पैसा मिळणार नाही. दादाने टेम्पो विकला. ते एक वेळ जाऊ दे. पण 'लपवला' हा शब्द आईच्या डोक्यात बसला तो बसला. 'सोयरीक करताना दडवलं त्यांनी. पोर आधीपासून आजारी व्हती, आमच्या गळ्यात मारली.' तू मार्चमध्ये आरामाला माहेरी गेलीस. महिन्याभरात आम्ही तुला न्यायला यायचं होतं. कुणीही आलं नाही, दादासुद्धा नाही. त्याच्यावर फार रागावू नकोस, कंपनीच्या पत्राचा अर्थ त्याने मलाच विचारला होता.

गणपतीत तुझी आई आली. ठमामावशी कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. नारळ आणला, घरच्या पोह्यांची पिशवी आणली, आणि ओटीवरच टेकल्या. म्हणाल्या, "विहीणबाई, गौरीला तरी पोरीला न्या. शेजारपाजार इचारतो."

आईने तोंडावर सांगितलं की आजारी मुलगी दिलीत.

"माज्या पोरीचा सांधा कदी सुजला न्हाय. शाळंत खो-खोला पयली यायची. मी कशाला खोटं बोलू?"

आई माझ्याकडे वळली. "पणू, तू शिकलेली हायस. तू सांग."

मी म्हटलं, "कागदावर तसंच आहे, मावशी."

त्या उठल्या. चहाला हात लावला नाही. पोह्यांची पिशवी मात्र परत नेली नाही. आईने त्याचा चिवडा केला आणि मी तो खाल्ला. लिहितानाही शरम वाटते.

आता रिपोर्टचं. तो फार उशिरा माझ्या हाती आला, म्हणून आधी कळलं नाही. त्यात सांधेतापाची खूणसुद्धा नाही. जंतू बसून झडपा खराब झाल्या. मागच्या वर्षी पावसात तू बोर्लीला दाढ काढून आलीस, त्या जखमेतून जंतू रक्तात शिरले असणार; त्यानंतर दोन महिने ताप येत-जात होता. ऐन लावणी. आई म्हणाली, चिखलात अंग मोडतंच. तू मला फोन केलास, तर मी हॉस्पिटलातली शहाणी तुला सांगते, "पॅरासिटामॉल घे गं, जरा आराम कर." आराम कोण करू देणार होतं तुला? दुखणं तू माहेरून आणलं नाहीस वहिनी. ते आमच्या घरात लागलं आणि आमच्या डोळ्यांदेखत वाढलं.

शुक्रवारी डॉक्टरांची सही घेतली, कोडदुरुस्तीचा अर्ज दिला, कंपनीलाही पाठवला. आमच्या विभागाच्या मॅडमनी विचारलं, "पेशंट तुमची कोण?" म्हटलं, "वहिनी." चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणाल्या. नोकरी बहुतेक गेली. काल आईला आणि दादाला सगळं सांगितलं. आई सुपातला भात पाखडत राहिली. मग म्हणाली, "त्या तापात मीच तिला लावणीला धाडली." दादाने शर्ट चढवला आणि तळ्याची एसटी किती वाजता म्हणून विचारायला लागला. मीच अडवला. आधी पत्र पोचू दे, तिने बोलावलं तर जा, म्हटलं. यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर या घरात तुझ्या बाजूने मी भांडेन.

हे पत्र मावशींना मोठ्याने वाचून दाखव.

इथे सही करणार होते. पण वर एक ओळ खोटी लिहिली आहे. खोडली असती, पण आता खोडाखोड पुरे. रिपोर्ट उशिरा आला नव्हता. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी आला आणि मी त्याच दिवशी वाचला. कोड बदलला तर माझी चूक उघडी पडेल, नोकरी जाईल, घरात त्या तापाचा विषय निघेल, म्हणून ड्रॉवरमध्ये सारला. मावशी ओटीवर बसून 'मी कशाला खोटं बोलू' म्हणाल्या, तेव्हा त्या खरं बोलतायत हे मला सहा महिन्यांपासून माहीत होतं.

वाचताना ही ओळ गाळू नकोस.

तुझ्या आईला खोटं पाडणारी,
प्रणाली