मागचा पेला

राजाजीनगर, ऑगस्ट १९९६

मथुराक्का,

तुम्ही मराठी बोलता, पण वाचता फक्त कन्नड आणि इंग्रजी. म्हणूनच मी हे मराठीत लिहितोय.

इंग्रजीतले दोन भूतकाळ मला कुणीच नीट समजावले नव्हते. तुम्ही टेबलावर दोन पेले मांडलेत. जे आधी झालं ते मागच्या पेल्यात, त्याला ‘हॅड’ लावायचं. इतकं सोपं!

काल मी आमच्या बोम्मसंद्राच्या कारखान्यातल्या अपघाताचा, मीच लिहिलेला इंग्रजी रिपोर्ट तुमच्याकडे तपासायला आणला. कामगार कृष्णाबाईंचं बोट मशीनमध्ये चिरडलं, तो पुढचा पेला.

“आणि त्याआधी, महांतेश?”

“मशीनवरचं सुरक्षेचं गार्ड काढलेलं होतं.”

“कोणी?”

“माहीत नाही, अक्का.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग मागच्या पेल्यात कॉफी ओतून माझ्यापुढे सरकवलीत. “सरी, ठीक. वाक्य बरोबर आहे.”

ओरडला असतात तर सोपं गेलं असतं. न ओरडता शिकवणारं माणूस मी तुमच्यासारखं दुसरं पाहिलं नाही.

अक्का, काम लवकर उरकावं म्हणून गार्ड मीच काढलं होतं. ठपका मात्र कृष्णाबाईंवर येतोय.

उद्या हेच इंग्रजीत लिहून आणतो. काळ चुकला तर दुरुस्त करा. माझं नाव तेवढं खोडू नका.

तुमची कॉफी न पिता उठलेला,
महांतेश