सावकाश झुलणारं जहाज

खोपोली, जानेवारी

प्रिय तालिब,

इथे सगळे ठीक आहेत. पोशीरहून चंद्राबाई वालाच्या शेंगा घेऊन आल्या होत्या. अम्मीने त्यांना बसवून तुझा परवाचा व्हॉइस मेसेज ऐकवला. बाहेर वादळ आहे, तरी जहाज आता आदळत नाही, सावकाश या कुशीवरून त्या कुशीवर होतं, पाळण्यात निजल्यासारखी झोप लागते, असं तू सांगितलंस. चंद्राबाई म्हणाल्या, "पोरगं सुखात हाय गं तुजं." अम्मीने डोळे पुसले. मी शेंगा सोलत होते. दाणे टाकून टरफलं वाटीत भरते आहे, हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

तू समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या जहाजावर डेकचं काम करतोस, आणि मी इथे घरी बसून तसल्याच जहाजांचा तोल मोजते. तुझं जहाज आमच्या कंपनीने आखलेलं नाही. त्याचे आकडे माझ्याकडे नाहीत. बर्फ धरू नये म्हणून आम्ही कठड्यांतून आणि शिड्यांतून गरम तारा फिरवतो. तुमच्याकडे त्या आहेत का, चालतात का, ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एवढंच. तू आहेस त्या उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात उडालेलं पाणी जिथे लागतं तिथे गोठतं, आणि वजन वर चढत जातं. तोल चांगला असलेलं जहाज कललं की झटक्याने सरळ होतं. माणसाला त्याचा त्रास होतो. वरून जड झालेलं जहाज हळू परततं. त्यात झोप छान लागते. मग एकदा ते परतत नाही.

मेसेज ऐकला तेव्हाच मी तुला लिहिलं की कॅप्टनला सांग, सगळे मिळून बर्फ फोडा, वरून सुरुवात करा. त्यावर अजून एकच टिक आहे. तुमच्या मुंबईच्या ऑफिसात फोन केला. ड्यूटीवरच्या कमलेश नावाच्या गृहस्थांनी माझा निरोप पाठवला, पण तो पोचला का ते त्यांना सांगता येईना, कारण जहाजाशी संपर्क नाही. "मॅडम, घाबरू नका. अँटेनावर बर्फ बसला असेल, नेहमीचंच आहे." मी आभार मानले. फोन ठेवला. अँटेना डोलकाठीच्या टोकाला असते, तालिब.

अब्बा खालापूरच्या दुकानातून आले की बातम्या लावतात. मी त्यांच्या आधी पाहून ठेवते.

आज सकाळी भाकऱ्या थापता थापता अम्मीने सरळ विचारलं, "तू हेच शिकलीस ना गं? जहाज सावकाश झुलतं ते चांगलंच ना?" मी हो म्हणाले. मी उगाच काही बोलत नाही, म्हणून तिने लगेच मानलं. त्यानंतर मला तिच्यासमोर बसवेना. संपर्क आला की हे तुला मिळेल. मिळालं की आधी तिला फोन कर आणि तक्रार कर. जहाज आपटतंय, पोटात काही ठरत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, असं सांग. ती रडेल, कंपनीला शिव्या देईल, आत्ताच्या आत्ता घरी ये म्हणेल. मी शेजारीच उभी असेन. काहीही सांग, पण झोप छान लागते म्हणू नकोस.

तुझीच,
नमिरा आपा